करवतमावशीची कादंबरी

तिचं खरं नाव हॉस्पिटलच्या हजेरीपटावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. मुलं तिला करवतमावशी म्हणत. हाडांच्या विभागात, जिन्याखालच्या प्लास्टरच्या खोलीत तिची अर्धी हयात गेली होती. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि हाड जुळलं की ते कापून काढायचं, हे तिचं काम. घालताना फारसं कुणी रडत नाही. ओल्या पट्ट्या, कोमट पाणी, मुलांना मजाच वाटते. बोंबाबोंब होते ती काढताना, कारण काढायला मशीन लागतं आणि त्या मशीनला करवतीसारखं पातं असतं.

हे मशीन एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे. त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापतं, खालच्या मऊ कातडीला काही करत नाही. मावशी ते चालू करून स्वतःच्या तळहाताला टेकवून दाखवायची. मुलं बघायची आणि तरी भोकाड पसरायची. बरोबरच आहे, दुसऱ्याच्या तळहाताशी त्यांना काय करायचंय! शिवाय पातं तापतं. थोडं कापलं की थांबून ते गार होऊ द्यावं लागतं, नाहीतर चटका बसतो. आणि आवाज म्हणाल तर असा, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

या थांबण्यातूनच तिच्या गोष्टी सुरू झाल्या. मशीन बंद झालं की ती चार वाक्यं सांगायची आणि नेमक्या अशा जागी तोडायची की पोराच्या जिवाची नुसती तगमग व्हावी. "त्याने पेटी उघडली, तर आत काय?" की घर्रर्र, मशीन चालू. आता पुढचं ऐकायचं तर मशीन चालू द्यायलाच हवं आणि पाय झटकला तर आपलाच उशीर. मघाशी रडून घर डोक्यावर घेणारी पोरं मग "मावशी, काप ना लवकर" म्हणून तिच्याच मागे लागायची.

पण चार वाक्यांतलं एक जरी रिकामं गेलं, तरी झालाच घोटाळा. एकदा तिने "सकाळची कोवळी उन्हं अंगणात पसरली होती" असं म्हणून पाहिलं. एका पोराने चांगल्या पायाने तिच्या पोटात लाथ घातली. तेव्हापासून तिच्या गोष्टीत उन्हं पसरली नाहीत.

या गोष्टी ती जेवणाच्या सुट्टीत लिहून काढायची. खोलीत बसायला एकच स्टूल आणि त्यावर पट्ट्यांचे गठ्ठे, त्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहायची. त्यांची तीन छोटी पुस्तकं निघाली होती, बऱ्यापैकी खपली होती. आणि तरी कुणी विचारलं की ती म्हणायची, "छे हो, ते आपलं पोरांसाठी. माझी कादंबरी चाललीये, ते खरं लिहिणं."

हाच तिचा गाढवपणा. दुसरा शब्द नाही.

कादंबरी लिहायची ती रविवारी. चांगले कपडे घालून, जेवणाच्या टेबलाशी ताठ बसून, नवऱ्याला "आता दोन तास घरात आवाज नको" अशी तंबी देऊन. मुलांचं उभ्याने आणि मोठ्यांचं बसून, असा तिने नियमच करून टाकला होता. आणि बसली की तिच्या हाताला काय व्हायचं कोण जाणे! वाक्यं लांबत जायची. उन्हं पसरायची, सावल्या लांबायच्या, एकेक पाऊस सात-सात पानं कोसळायचा. नवरा पोस्टात होता, भला माणूस. ती वाचून दाखवायची आणि तो खुर्चीतच पेंगायचा. जागा झाला की म्हणायचा, "छान आहे हं." अशा माणसाकडून काय शिकणार कपाळ?

कादंबरी होती तिच्या बाबांवर. बाबा शिंपी. आता ऐंशीच्या पुढचे, तिच्याकडेच राहायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत. बोलायचे ते फक्त शिवणाचं. टीव्हीवर कुठे युद्धाच्या बातम्या चालल्या असल्या तरी हे म्हणणार, "सांगणाऱ्याची कॉलर बघ, एक बाजू वर गेलीये." जावयाने नवा शर्ट घातला तर आधी आतली शिवण उलटून बोटांनी चाचपायचे, मग "बस" म्हणायचे. जावई बिचारा हात वर करून उभा राहायचा.

तिची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यानंतर बाबांनी आईबद्दल एक शब्द काढला नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. आईचा घरात घालायचा निळा झगा खुंटीला असायचा, धुऊन धुऊन फिकट झालेला. तो एक दिवस खुंटीवर नव्हता. तिने विचारलं, "आईचा झगा कुठेय?" बाबा म्हणाले, "दोरा ओव जरा, मला दिसत नाही." झालं, विषय संपला. अशी चाळीस वर्षं.

म्हातारा दगड होता असं मात्र समजू नका. तिच्या कौतुकाला कमी नव्हतं. तिला लहानपणापासून खोड होती, कोटाच्या खिशात हात घालून चालायची. थंडी असो नसो, हात खिशात. शाळेतल्या बाई वैतागल्या, एकदा पडून नाक फोडून घेशील म्हणाल्या आणि घरी निरोप धाडला की कोटाचे खिसे शिवून टाका. जन्मात कुणाशी मोठ्याने न बोललेले बाबा तडक शाळेत गेले आणि बाईंशी असे भांडले, असे भांडले, की मुख्याध्यापकांना मध्ये पडावं लागलं. "मी शिवलेल्या कोटाला कुणी हात लावायचा नाही!" हा किस्सा ती हसून हसून सगळ्यांना सांगायची. शिंप्याचा अहंकार म्हणायची. खिशांची खोड काही गेली नाही. आजही हॉस्पिटलच्या ॲप्रनच्या खिशात हात घालून ती वॉर्डातून चालायची आणि नवरा रस्त्यात दहादा म्हणायचा, "अगं, हात काढ खिशातून, पडशील."

कादंबरीतला बापही असाच गप्प होता. शेवटी तो मुलीला आईबद्दल काहीतरी सांगणार, इथवर येऊन घोडं अडलं होतं. काय सांगणार, हे तिलाच ठाऊक नव्हतं. म्हणून ती पावसाची पानं वाढवत बसायची. आणि तिकडे वेळ चालला होता. सुई-दोऱ्याने बाबांचे डोळे कधीच खाल्ले होते; लांबचं दिसायचं, पण अक्षर वाचणं शक्य नव्हतं. आता कानही चालले होते. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, एक कान गेलाच आहे, दुसराही फार दिवस साथ देणार नाही. तिला ही कादंबरी जगाने वाचली नाही तरी चाललं असतं. ती बाबांना ऐकवायची होती. त्यांना ऐकू येतंय तोवर.

संपादकबाईंनी दुसऱ्यांदा हस्तलिखित परत केलं. फोनवर म्हणाल्या, "राग मानू नका. शंभर पानं वाचली मी. बाप अजून खुर्चीतून उठला नाही. उठतोय का नाही ते तरी कळवा."

"तो आतल्या आत खूप काही—"

"आतल्या आत असेल हो. मला बाहेर बसून काय कळणार? तुमच्या मुलांच्या पुस्तकांत एक ओळ जास्तीची नसते. ती बाई कुठे गेली?"

तिला हे तोंडात मारल्यासारखं लागलं. पोरांच्या गोष्टींवरून मला शिकवतात! दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. नवऱ्याने चहा करून दिला तर "साखर कमी आहे" म्हणून भांडली.

त्याच आठवड्यात बाईसाहेबांशी खटका उडाला. बाईसाहेब म्हणजे वॉर्डातली आठ वर्षांची मुलगी, हे नाव तिला नर्सेसनी ठेवलेलं. भिंतीवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं आणि कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर. इतके दिवस पडून राहायचं म्हणून मावशीची तिन्ही पुस्तकं तिने वाचून काढली होती आणि तिला ती फारशी पसंत नव्हती. तसं तिने तोंडावर सांगितलं.

"तुझा राक्षस नुसता ओरडतो. त्याला काही वाटत नाही का?"

"काय वाटायला हवं?"

"मला काय माहीत? तू लिहिलायस ना त्याला."

राक्षसाला काही वाटतं का, हा विचार तिने केलाच नव्हता. वाटणं-बिटणं ती रविवारसाठी राखून ठेवायची.

प्लास्टर काढायचा दिवस आला आणि मशीन बघताच बाईसाहेबांचा सगळा रुबाब उतरला. अशी किंचाळली की बाहेरच्या बाकावर बसलेला तिचा बाप उठून जिन्यापर्यंत पळाला. दोन नर्स धरायला आल्या, तिने एकीला चावा घेतला. डॉक्टर दारातून म्हणाले, "मावशी, होतंय का बघा. नाहीतर उपाशी ठेवून, भूल देऊन करावं लागेल. तेवढ्यासाठी भूल देणं माझ्या जिवावर येतं."

मावशीने नर्सना बाहेर घालवलं. "पेटीतल्या कासवाची गोष्ट सांगू?"

"वाचलीये."

"विहिरीतल्या—"

"वाचलीये! सगळ्या वाचल्यात! सगळ्यांत शेवटी घरीच येतात!"

आता आली का पंचाईत! मावशीची पोतडी रिकामी. डोक्यात एकच गोष्ट उरली होती, ती रविवारची. चारशे पानांची, शेवट नसलेली. तिने हात ॲप्रनला पुसले आणि उभ्याउभ्या सुरुवात केली.

"एक शिंपी होता. त्याची बायको मेली. त्याला एक मुलगी होती."

एवढं बोलली आणि स्वतःच दचकली. कादंबरीतली साठ पानं उरकली होती या तीन वाक्यांत.

"कशाने मेली?"

मशीन चालू. मांडीवरून पहिली चीर सरळ खाली आली. बाईसाहेबांनी डोळे गच्च मिटले होते, पण पाय जागचा हलला नाही. मशीन बंद.

"आजारी पडून. मुलगी शिंप्याला रोज विचारायची, आई कशी होती? शिंपी म्हणायचा, जरा दोरा ओव."

"त्याला ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं. चांगलं ऐकू येत होतं."

मशीन चालू. आता बाईसाहेबांचे डोळे उघडे होते आणि कपाळाला आठी होती. ती आठी मशीनवर नव्हती, शिंप्यावर होती. मावशीने ती पाहिली आणि तिच्या लक्षात आलं की ही पोरगी ओरडायचं विसरली आहे. तिला त्या गप्प माणसाचा राग आला होता. गप्प माणूस पण चालतो यांना! राक्षसाने ओरडायलाच पाहिजे असं काही नाही.

गुडघा झाला. पातं गार होईस्तोवर तिने सांगितलं, की मुलीला वाटायला लागलं, बाबा आईला विसरले. पावसाचं प्रकरण तिला आठवलंसुद्धा नाही. शेजारच्या बाईचं भांडण, जुन्या घराचं वर्णन, ती ज्याच्यावर महिनाभर बसली होती ते संध्याकाळचं चिंतन, सगळं कुठे गळून पडलं तिलाच कळलं नाही. नडगीवरून चीर खाली गेली. मग दुसऱ्या बाजूने वरपासून पुन्हा. शिंप्याने मुलीला काजं करायला शिकवलं. शिंप्याचं नाव झालं. मुलगी मोठी व्हायला लागली आणि तिने विचारायचं सोडून दिलं. तिथे बाईसाहेब हळूच म्हणाली, "असं नको होतं." मावशीने बाहीने डोळे टिपले. शंभर रविवारांत जे तिला एकदाही झालं नव्हतं ते इथे, पांढऱ्या धुळीत, हातात मशीन असताना झालं.

घोट्याशी शेवटचा तुकडा राहिला. मशीन बंद.

"मग थंडी आली. मुलीचा कोट जुना झाला होता. शिंप्याने तिला जवळ बोलावलं."

"आणि काय म्हणाला?"

"थांब." मशीन चालू. अहो, थांब म्हणाली खरी, पण पुढचं होतं कुठे तिच्याजवळ? इतकी वर्षं नव्हतं ते घोट्यापर्यंत येणार होतं थोडंच? तुकडा कापून झाला. तिने मशीन ठेवलं, चिमटा चिरेत घालून प्लास्टर फाकवलं. वरचं पांढरं, टणक कवच कडकन उघडलं आणि आतून कापसाचा मऊ थर दिसला. तिनेच घातला होता, प्रत्येक प्लास्टरखाली घालायची. आज ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मावशी! काय म्हणाला?"

"काहीच नाही म्हणाला," मावशी म्हणाली. "त्याने आईचा निळा झगा उसवला आणि मुलीच्या नव्या कोटाला आतून त्याचं अस्तर लावलं. बाहेरून कुणाला दिसत नव्हतं."

बाईसाहेबांनी विचार केला. पाय मोकळा झाला होता, बारीक आणि सालपटं निघालेला, पण तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तिला कळलं का?"

"तुला काय वाटतं?"

"नाही कळलं," ती म्हणाली. "पण ऊब लागली असणार." आणि मग एकदम, "ई! हा माझा पाय आहे?"

त्या दिवसापासून मावशीने रविवारचं बसणं बंद केलं. कादंबरी तिने कट्ट्याशी आणली. उभ्याने लिहायची, आणि लिहायच्या आधी रिकाम्या खोलीत मोठ्याने सांगून बघायची. मध्येच मशीन चालू करायची, बंद करायची आणि स्वतःला विचारायची, पुढचं ऐकावंसं वाटतंय का? नसेल वाटत तर ते पान बाद. डॉक्टर एकदा आत डोकावले आणि पेशंट नाही हे बघून गुपचूप परत गेले. चारशे पानांची दीडशे झाली. उलट खिडकीत नवी जी मुलांची गोष्ट लिहिली, तिच्यातला राक्षस पहिली तीन पानं दारातच उभा होता, आत यायची लाज वाटत होती म्हणून. तो तिला कादंबरीतल्या बापाने दिला. आपण दोन वेगळ्या बाया आहोत अशी इतकी वर्षं समजूत करून घेतल्याबद्दल तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. संपादकबाईंचा फोन आला. "उठला की हो बाप," म्हणाल्या. "छापू या."

छापून येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. एका दुपारी ती बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. एका हातात कागद, दुसरा हात सवयीने खिशात. त्यांच्या बऱ्या कानाशी वाकून अशा मोठ्या आवाजात वाचायला लागली, की समोरच्या घरातल्यांनी आधी खिडकी लावली आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडली. नवराही ऐकत बसला. पेंगला नाही, हे लिहून ठेवण्यासारखं. बाबांचे डोळे मिटलेले. वाचन तीन दुपारी चाललं, आणि दर दुपारी तिला वाटायचं, ते झोपलेत. थांबली की ते बोट हलवायचे, चालू दे म्हणून.

शेवटचं पान झालं. थंडी, नवा कोट, निळं अस्तर. तिने कागद खाली केले.

"चूक आहे," बाबा म्हणाले.

तिचं अवसानच गेलं. "काय चुकलं, बाबा?"

"अस्तर. कोटाच्या अस्तराला किती कापड लागतं माहितीये? तिच्या झग्यात कुठलं पुरायला! पाठीशी पार विरला होता तो. बाह्यांचंच कापड काय ते धड होतं."

तिचा झगा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"त्यात दोनच खिसे निघाले," बाबा म्हणाले, शर्टाचं माप सांगावं तशा आवाजात. "ते लावले तुझ्या कोटाला, आतून. पुढे कोट बदलला की काढायचे आणि नव्याला लावायचे. मोठी झालीस तोवर. मग फाटलेच ते."

कोटाचं बाहेरचं कापड खरखरीत होतं आणि खिशांच्या आत मऊ लागायचं. सगळ्यांचेच कोट तसे असतात असं तिला वाटायचं. ती तिथेच फरशीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. शाळेतल्या बाई, तो निरोप, ते भांडण, सगळं एकदम समोर आलं. नवरा "हात काढ खिशातून" कितीदा म्हणाला असेल, तोही मान खाली घालून बसला होता.

"बाबा," ती शेवटी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "मला सांगितलं का नाहीत कधी?"

बाबांना प्रश्नच समजला नाही. "सांगायचं काय त्यात?" ते म्हणाले. "रोज हात घालत होतीस की."